54 वर्षांचं असद घराणं 12 दिवसांत कसं पडलं?

प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. तो सध्या सीताबर्डीतल्या अभ्यासिकेत बसून केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करतो. त्याने विचारलं, "मॅडम, 2011 पासून तेरा वर्षं युद्ध सोसून टिकलेलं सीरियाचं असद घराणं शेवटी बारा दिवसांत कसं काय पडलं जी? सगळ्या नोट्समध्ये एकच ओळ आहे, रशिया आणि इराणने हात काढून घेतला. तेवढंच कारण आहे का? आणि असं एखादं घराणं पडलं म्हणजे ते कायमचं संपलं, असं लिहिता येईल का?"

पहिल्याचं उत्तर, नाही, तेवढंच कारण नाही. दुसऱ्याचं उत्तर, नाही, असं लिहू नकोस. मी नागपुरात 29 वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं पश्चिम आशियावर गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाहेरचं कारण आधी आटोपते. फेब्रुवारी 2022 पासून रशिया युक्रेनमध्ये अडकला होता. सप्टेंबर 2015 मध्ये ज्या विमानांनी राष्ट्राध्यक्ष बशर अल-असदला वाचवलं, तेवढं बळ पुन्हा लावायची त्याची तयारी नव्हती. असदच्या बाजूने लढणाऱ्या हिजबुल्लाची, म्हणजे इराणच्या पाठबळावरच्या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेची, फळी इस्रायलने मोडली होती. 27 सप्टेंबर 2024 ला तिचा प्रमुख नसरल्ला मारला गेला. 27 नोव्हेंबरला लेबनॉनमधली शस्त्रसंधी लागू झाली आणि त्याच दिवशी सीरियाच्या वायव्येकडच्या इदलिबमधून हयात तहरीर अल-शाम या बंडखोर गटाच्या फौजा निघाल्या. हे उत्तरात यायलाच हवं. पण मग मला सांग, ज्याच्याकडे कागदावर लाखाहून जास्त सैन्य आहे, त्याला एका कोपऱ्यात कोंडलेल्या गटाला थोपवायला दुसऱ्याची विमानं का लागावीत? अलेप्पोसाठी 2012 ते 2016 अशी चार वर्षं लढाई झाली. 2024 मध्ये तेच शहर तीन-चार दिवसांत गेलं. टेकू काढला म्हणून भिंत पडली हे खरं, पण भिंत पोकळ कधी झाली ते तुझ्या नोट्समध्ये नाही.

माझं मत असं आहे की असद घराण्याने आधी आपले भागीदार खाल्ले, मग आपली माणसं खाल्ली, आणि शेवटी घरातल्या घरात एकमेकांना खायला लागले. 2024 येईपर्यंत हे राज्य गेल्याने ज्याचं नुकसान होईल असा माणूस त्या घराबाहेर फारसा उरलाच नव्हता. हे एका रात्रीत झालेलं नाही. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

बशरच्या बापाने, हाफिज अल-असदने, नोव्हेंबर 1970 मध्ये सत्ता घेतली. तो अलावी या अल्पसंख्य पंथाचा होता, म्हणजे देशातल्या दहा-बारा टक्के लोकांपैकी. गुप्तचर खाती आणि मोक्याच्या तुकड्या त्याने आपल्या माणसांच्या हाती ठेवल्या, पण सत्तेच्या पंगतीत इतरांनाही पान मांडलं. मुस्तफा त्लास सुन्नी. तो 1972 पासून 2004 पर्यंत संरक्षणमंत्री होता. अब्दुल हलीम खद्दामही सुन्नी. तो आधी परराष्ट्रमंत्री आणि नंतर उपाध्यक्ष झाला. खेड्यातल्या पोराला सत्ताधारी बाथ पक्षाच्या ओळखीने शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळे, शेतकऱ्याला सवलतीत डिझेल आणि खत मिळे, दमास्कसच्या व्यापाऱ्याला त्याचा धंदा करू दिला जाई. हे प्रेम नव्हतं, देवाणघेवाण होती. आणि जो या देवाणघेवाणीबाहेर उभा राहील त्याच्यासाठी हमा होतं. फेब्रुवारी 1982 मध्ये त्या शहरात मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचा उठाव मोडताना जुन्या वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त केल्या गेल्या. मृतांचे अंदाज 10,000 पासून 40,000 पर्यंत जातात. एवढं मोठं अंतर का, तर मोजायलाच कुणाला जाऊ दिलं नाही. पुढच्या तीस वर्षांत सीरियात हमा हा शब्दही लोक आवाज खाली घेऊन उच्चारत.

हमाच्या कारवाईत पुढे होता हाफिजचा धाकटा भाऊ रिफात. घराण्यातली पहिली फूट इथेच दिसते. नोव्हेंबर 1983 मध्ये हाफिज आजारी पडला आणि 1984 मध्ये रिफातचे रणगाडे दमास्कसच्या रस्त्यांवर आले. हाफिजने भावाला मारलं नाही, नावाला उपाध्यक्ष केलं आणि मग परदेशी घालवलं. रिकाम्या हातांनी मात्र नाही. 2020 मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने रिफातला सीरियाच्या सरकारी पैशातून तिकडे मालमत्ता उभी केल्याबद्दल दोषी ठरवलं. ती मालमत्ता जवळपास 9 कोटी युरोंची होती. घरातलं भांडण मिटवायचं आणि त्याची किंमत सरकारी तिजोरीने भरायची, हा पायंडा इथे पडला.

मग वारसाचा प्रश्न. थोरला मुलगा बासिल तयार केला जात होता. 21 जानेवारी 1994 ला विमानतळाच्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात तो गेला. लंडनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेणाऱ्या बशरला परत बोलावून लष्कराचा गणवेश चढवला. 10 जून 2000 ला हाफिज वारला. राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाचं वय किमान 40 हवं होतं, बशर 34 वर्षांचा होता. त्याच दिवशी संसदेने 40 च्या जागी 34 केलं. पस्तीस नाही, तीस नाही, बरोबर चौतीस!

वर्गात हे शिकवताना मी नेहमी आपल्या महालातल्या भोसल्यांची आठवण काढत असे. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केलं. राजघराण्यात दत्तकाचा रिवाज होता, तो सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो नाकारायला बाहेरची कंपनी यावी लागली. सीरिया तर स्वतःला प्रजासत्ताक म्हणवत होता. तिथे बापामागे मुलगा या गोष्टीला कुठलाच रिवाज नव्हता, कायदा नव्हता. म्हणून बशरच्या खुर्चीचा आधार एवढाच होता की त्या क्षणी सगळ्या सेनापतींना तो चालला. असा माणूस कायम धास्तीत राहतो. बापाचे जुने साथीदार त्याला आधार वाटत नाहीत, आपल्याला बनवू शकले म्हणजे मोडूही शकतील अशी माणसं वाटतात.

आणि त्याने नेमकं त्यांनाच दूर केलं. त्लास 2004 मध्ये निवृत्त झाला, खद्दाम 2005 मध्ये पद सोडून पॅरिसला गेला. त्यांच्या जागी आली घरची माणसं. भाऊ माहेरकडे चौथी चिलखती डिव्हिजन, मेहुणा आसेफ शौकतकडे लष्करी गुप्तचर खातं, मामेभाऊ रामी मख्लूफकडे सिरियाटेल ही मोबाईल कंपनी आणि तिच्यासोबत असंख्य धंदे. बायको अस्मा लंडनमध्ये वाढलेली, बँकेत नोकरी केलेली. तिच्या धर्मादाय संस्था. इकडे 2006 नंतर ईशान्येकडे सलग दुष्काळ पडला. डिझेलवरची सवलत 2008 मध्ये कापली. शेतं ओसाड टाकून माणसं शहरांच्या कडेला झोपड्या घालून राहू लागली. विदर्भातल्या मुलांना हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाथ पक्षाने ज्यांना चार पिढ्यांत पहिल्यांदा जमीन आणि नोकरी दिली होती, त्याच माणसांचं पान आता उचललं गेलं होतं.

दरआ हे असंच शेतकऱ्यांचं गाव, पक्षाचा हक्काचा टापू. तिथल्या मुलांनी शाळेच्या भिंतीवर लिहिलं, "डॉक्टर, आता तुझी पाळी." डॉक्टर म्हणजे बशर. त्या मुलांना उचलून मारहाण करणारं जे राजकीय सुरक्षा खातं होतं, त्याचा दरआतला प्रमुख आतेफ नजीब. तो बशरचा मावसभाऊ. दुसरा कुणी अधिकारी असता तर त्याची बदली करून, पालकांना बोलावून, चहा पाजून प्रकरण मिटलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मावसभावाला हात कोण लावणार? मार्च 2011 मध्ये लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांनी काय जाळलं ते बघ: पक्षाचं कार्यालय, न्यायालय, आणि सिरियाटेलची शाखा. मोबाईलचं दुकान का जाळलं, असं मुलं विचारायची. ते दुकान कुणाचं आहे हे दरआत शाळेतल्या पोरालाही माहीत होतं, म्हणून.

पुढचं युद्ध तुला पाठ आहे, ते मी सांगत नाही. युद्धाने आतून काय केलं तेवढं सांगते.

सैनिकांपासून सुरू करू. सीरियाच्या सैन्यात 102 वी तुकडी म्हणून एक भरती होती. 2010 मध्ये ही पोरं सक्तीच्या सेवेत गेली, साधारण दोन वर्षांत घरी यायची होती. त्यांना सोडलं 2018 मध्ये. आठ वर्षं! विशीत गेलेला मुलगा तिशीला टेकून परत आला, जगला वाचला तर. आणि अलावी गावांनी तर एवढे मुलगे पुरले की काही घरांत कर्ता पुरुष उरला नाही. ते ज्याच्यासाठी मेले त्याने त्यांच्या गावात काय दिलं? लताकियाच्या डोंगरांतली अलावी गावं 2024 मध्येही गरीबच होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण "अलावी राजवट" असं लिहून आपण मोकळे होतो. अलाव्यांच्या नावावर चाललेली ती एका घराची राजवट होती, आणि त्या डोंगरातल्या आयांना ते कळून चुकलं होतं.

मग पगार. फळ्यावर मी दोन आकडे लिहीत असे. 2011 मध्ये एका डॉलरला साधारण 50 सीरियन पौंड. 2024 मध्ये साधारण 15,000. तीनशे पट. म्हणजे तू शंभर रुपये बाजूला ठेवलेस आणि त्यातून तेहतीस पैशांचा माल आला, असं समज. शिपायाचा महिन्याचा पगार डॉलरमध्ये मोजला तर पन्नाशीही गाठत नव्हता. नाक्यावर उभा असलेला शिपाई ट्रकवाल्याकडून पैसे घेऊनच चूल पेटवत होता, आणि त्यातलाही मोठा वाटा वर जात होता.

वर म्हणजे कुठे? चौथ्या डिव्हिजनकडे. तिच्या नाक्यांवरच्या वसुलीला सीरियात सगळे कंटाळले होते, त्यात सरकारचे समर्थक व्यापारीही आले. त्याच्या जोडीला कॅप्टॅगॉन, म्हणजे नशेच्या गोळ्या. आखाती देशांत जाणाऱ्या या गोळ्यांचा सर्वांत मोठा कारखाना सीरियाच बनला होता. डिसेंबर 2021 मध्ये बैरुत बंदरात संत्र्यांच्या पेट्या पकडल्या. खऱ्या संत्र्यांमध्ये नकली संत्री, आणि त्यांत सुमारे 90 लाख गोळ्या. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा काटोलची एक मुलगी, जिच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे, तिने विचारलं, "मग त्यांच्या खऱ्या संत्र्याचं काय झालं, मॅडम?" मला तो प्रश्न फार आवडला. त्याच वर्षी सौदीने लेबनॉनच्या फळभाज्यांवर गोळ्यांच्याच कारणाने बंदी घातली होती. खरी संत्री पिकवणारा बुडाला.

शेवटची फूट घरातली. फेब्रुवारी 2016 मध्ये बशरची आई अनीसा वारली. ती मख्लूफ घराण्याची मुलगी. ती होती तोवर रामीला धक्का लावायची कुणाची छाती नव्हती. ती गेल्यावर अस्माच्या भोवतीच्या माणसांचं वजन वाढलं आणि 2020 मध्ये सरकारने रामीकडे कराची थकबाकी मागितली. तेव्हा या माणसाने काय केलं? फेसबुकवर व्हिडिओ टाकून राष्ट्राध्यक्षाला हात जोडले की माझी माणसं उचलू नका. ज्याच्या नावाने दरआत आग लागली होती, तोच आता जाहीरपणे रडत होता. देशभरातल्या धनिकांनी ते पाहिलं आणि त्यांना एक गोष्ट उमगली: मामेभाऊ सुरक्षित नाही, तर आपण कोण? सद्दामच्या घरात असंच झालं होतं. त्याचे दोन जावई ऑगस्ट 1995 मध्ये जॉर्डनला पळाले, फेब्रुवारी 1996 मध्ये माफीच्या शब्दावर परतले आणि काही दिवसांत मारले गेले. तेव्हापासून त्या राजवटीच्या शब्दावर तिच्याच माणसांचा विश्वास राहिला नाही.

आता ते बारा दिवस. 30 नोव्हेंबरला अलेप्पो गेलं. 4 डिसेंबरला बशरने सैनिकांचा पगार पन्नास टक्क्यांनी वाढवला. चौपन्न वर्षांच्या राजवटीला चौथ्या नाही, आठव्या दिवशी पगार आठवला. 5 डिसेंबरला हमा गेलं, तेच हमा, आणि लष्कराने जाहीर केलं की नागरिकांचे जीव वाचावेत म्हणून आम्ही बाहेर पडलो. होम्स 7 च्या रात्री पडलं. 8 डिसेंबरच्या पहाटे बशर दमास्कस सोडून रशियाच्या हमैमीम तळावर पोचला होता, तिथून मॉस्को. पंतप्रधान मागेच राहिला. कारभार सोपवायला मी तयार आहे, असं तो व्हिडिओवर सांगत होता. राष्ट्राला उद्देशून बशरचं एक वाक्यही आलं नाही. त्याचं पहिलं निवेदन 16 डिसेंबरला आलं, मॉस्कोहून.

8 तारीख रविवार होती. सकाळी माझा मार्गदर्शनाचा वर्ग असतो. थंडीचे दिवस, मुलं स्वेटर घालून मोबाईलभोवती गोळा झालेली. दमास्कसच्या रस्त्यावर सैनिकी सदरे, पट्टे, बूट पडलेले दिसत होते. गणवेश तिथेच उतरवून माणसं साध्या कपड्यांत घरी निघून गेली होती. मी मुलांना तो व्हिडिओ थांबवून बूट बघायला लावले. बहुतेक बूट टाचेला झिजलेले होते. या माणसांनी तेरा वर्षं दुसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, हे मी विसरत नाही. पण त्या सकाळी त्यांच्यापैकी कुणालाही आणखी एक गोळी झाडायचं कारण सापडलं नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या रस्त्यावर पडलं होतं. रुमानियात 22 डिसेंबर 1989 ला हेच झालं: सैन्य लोकांकडे वळलं आणि हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्याची बायको असे दोघे गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाले. तीन दिवसांनी, 25 ला, दोघांना गोळ्या घातल्या गेल्या.

दुसरा प्रश्न, घराणं कायमचं संपलं का. इथे फिलिपिन्स नीट वाच. तिथला राष्ट्राध्यक्ष मार्कोस याने सप्टेंबर 1972 मध्ये लष्करी कायदा पुकारला, 25 फेब्रुवारी 1986 ला कुटुंबासह तो पळाला, 1989 मध्ये हवाईत वारला. सगळे त्याची बायको इमेल्डा हिच्या चपलांबद्दल लिहितात. तू ते एका ओळीत उरक आणि पुढचं लिही. 1991 मध्ये कुटुंब मायदेशी परतलं. 1992 मध्येच मुलगा बाँगबाँग इलोकोस नोर्ते या घरच्या प्रांतातून संसदेत निवडून आला. 2016 मध्ये मार्कोसला वीरांच्या दफनभूमीत पुरलं. 2018 मध्ये इमेल्डा भ्रष्टाचारात दोषी ठरली, तुरुंगात गेली नाही. 2022 मध्ये बाँगबाँग सुमारे 59 टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला. त्या राजवटीच्या 11,103 बळींना सरकारने कायद्याने मान्यता दिली होती, त्याच देशात. घराणं परत आलं कारण तीन गोष्टी त्याच्या हातात राहिल्या: घरचा प्रांत, पैसा, आणि आपली गोष्ट आपल्या पद्धतीने सांगायची मोकळीक.

असदांकडे यातलं काय उरलं? घरचा प्रांत नाही. असदांच्या मूळ गावातली, कर्दाहातली हाफिजची कबर त्याच आठवड्यात जाळली गेली, आणि ती अलावी मुलखातच आहे. पैसा परदेशात किती आहे ते शोधणं चालेल. आतेफ नजीब जानेवारी 2025 मध्ये लताकियात पकडला गेला. तिसरी गोष्ट, आपली गोष्ट आपल्या पद्धतीने सांगायची मोकळीक. ती रोखणार काय घडलं याचा पुरावा, आणि त्या पुराव्याबद्दल मला काळजी वाटते.

2013 मध्ये सीझर या टोपणनावाचा लष्करी पोलिसांचा छायाचित्रकार 50,000 हून जास्त फोटो घेऊन देशाबाहेर पडला. त्यांतल्या हजारो फोटोंत तुरुंगात मेलेल्यांची शरीरं आहेत, शरीरांवर क्रमांक लिहिलेले. कुठल्या क्रमांकाचा माणूस कोण, हे जोडणाऱ्या नोंदी तुरुंगांच्या आणि खात्यांच्या कपाटांत होत्या. 8 डिसेंबरला सैदनाया तुरुंगाचं दार उघडलं तेव्हा हजारो कुटुंबं तिथे धावली. मोबाईलच्या उजेडात माणसं जमिनीवर बसून वह्या उलटत होती, आपल्या मुलाचं नाव शोधत होती. पानं फाटत होती, पायांखाली जात होती, काही लोक कागद घरी घेऊन जात होते. त्यांना कोण अडवणार, आणि कुठल्या तोंडाने? पण पहिल्या दिवसांत त्या कागदांवर पहारा ठेवणारं तिथे कुणी नव्हतं, आणि एक क्रमांक कुठल्या आईचा मुलगा आहे हे सांगणारं पान त्यातच होतं.